बिळातले बेडूक आणि तीन वीसची गाडी

"चरबीतून धूर निघाल्याशिवाय पिठाला हात लावायचा नाही, आणि पीठ फुगल्याशिवाय दाराला!"

हा आमच्या आईचा आवाज. तो ऐकून पन्नास वर्षं झाली असतील. आई हे ओरडून सांगत नसे. पाळण्यातल्या पोराला समजवावं तसं, हलक्या चालीवर म्हणायची. शनिवारची दुपार असायची, बाहेर डोंगरावरून खाली उतरलेलं धुकं, आत चुलीची ऊब. मी सात वर्षांचा, माझी बहीण ऑलिव्ह तेरा वर्षांची. आम्ही चिंध्यांच्या गालिच्यावर ओव्हनपुढे बसायचो. माझा हात दाराकडे सरकायचा. ऑलिव्ह तो धरायची, आपल्या मांडीवर ठेवायची आणि सोडायची नाही. आत पातळ पीठ फुगून वर यायचं आणि त्यात बुडवलेली सॉसेजं हळूच डोकी बाहेर काढायची, बिळातून बेडकांनी डोकवावं तशी. म्हणून त्या पदार्थाचं नाव बिळातले बेडूक. बेडकाचा आणि त्याचा याहून जास्त संबंध नाही. यॉर्कशरच्या एका गावात, पाणीखात्यात एकतीस वर्षं कारकुनी केलेला माणूस उगाच चुकीचं विधान करणार नाही.

मी विल्फ्रेड क्रॅबट्री. वय सत्तावन्न, अविवाहित, घर क्रमांक अठरा. एकोणीसशे एकाहत्तरच्या ऑक्टोबरात मी आयुष्यात पहिल्यांदा हा पदार्थ स्वतः करायला घेतला. कारण सांगतो. ऑलिव्ह देश सोडून चालली होती. ऑस्ट्रेलियात, अॅडलेडला, मुलाकडे, कायमची. आणि माझी ही सख्खी बहीण सहा वर्षं माझ्याशी बोलत नव्हती.

का बोलत नव्हती, हे मला ठाऊक नव्हतं. आमच्या घराण्यात भांडण झालं तर आवाज होत नाही. माणूस नाताळच्या कार्डावर 'तुझी ऑलिव्ह' ऐवजी नुसतं 'ऑलिव्ह' लिहितो, बस्स. मी खूप विचार केला. आईचं घड्याळ मी ठेवून घेतलं म्हणून? पण तिनंच ते नको म्हटलं होतं. तिच्या कुत्र्याला मी जाडा म्हणालो म्हणून? कुत्रा जाडाच होता. तिचा नवरा वॉल्टर वारला, तेव्हा दफनाला मी काळा टाय बांधून ठरल्या वेळेच्या दहा मिनिटं आधी हजर होतो. तिथे चूक निघणं शक्यच नाही.

शेवटी धीर करून मी तिला जेवायला बोलावलं. उत्तरादाखल पोस्टकार्ड आलं. 'शनिवारी बाराला येईन. तीन वीसची लंडनची गाडी आहे. ऑलिव्ह.' कार्ड मी चारदा वाचलं. चारही वेळा तेवढंच होतं.

आमच्या गल्लीत गुप्त काही राहत नाही. खाटकाच्या दुकानात मी फक्त आठ सॉसेजं मागितली, तर तो म्हणाला, "जाड की बारीक?"

माझ्या मागच्या रांगेतल्या बाईंनी विचारलं, "कोणासाठी?"

"बहिणीसाठी."

"मग जाड घ्या. मान राखायला हवा."

त्यांच्या मागून दुसऱ्या बाई म्हणाल्या, "ती बोलत नाही ना यांच्याशी? मग बारीकच. जाड सॉसेज आत कच्चं राहिलं, की आणखी सहा वर्षं गेली!"

रांगेत मतदान झालं. मला मत नव्हतं. पाच विरुद्ध तीन अशा मतांनी मी बारीक सॉसेजं घेऊन घरी आलो.

पिठाचा प्रश्न याहून अवघड निघाला. शेजारचे ऑग्डन हे निवृत्त बस-निरीक्षक. त्यांना जगातल्या कुठल्याही गोष्टीची वेळ ठाऊक असते. ते कुंपणावरून म्हणाले, "पीठ अर्धा तास ठेवा, क्रॅबट्री. एकतीस मिनिटं झाली की खेळ खलास."

समोरच्या एकवीस नंबरातल्या मिसेस सग्डेन ब्याऐंशी वर्षांच्या. त्या रस्त्यापलीकडून ओरडल्या, "त्यांचं नका हो ऐकू! रात्रभर ठेवा. आणि घुसळताना असं बडवायचं नाही. पिठाची समजूत काढायची असते."

ऑग्डन म्हणाले, "यांची बस पन्नास वर्षं उशिरानं धावतेय."

"आणि तुमची आयुष्यात कधी सुटलीच नाही!"

दोन अधिकाऱ्यांचं मत जुळत नसेल तर मधला मार्ग काढावा, ही माझी कामाची पद्धत. मी पहाटे पाचला उठून पीठ भिजवलं. अंडी, दूध, मीठ, आणि मग समजूत. भांड्यावर ताट झाकून ते मी थंड फडताळात ठेवलं आणि कधी नव्हे ती शीळ घातली. आदल्या दिवशीच कांद्याचा रस्सा करून ठेवला होता. चांगली टेबलक्लॉथ काढली होती. दहाच्या सुमारास सरावासाठी म्हणून ओव्हन पेटवला. निळी ज्योत छान नाचली, पिवळी झाली, एवढीशी झाली, आणि फुस्स करून मेली.

बाहेर आलो तर गल्लीत गॅसची मोठी गाडी उभी. या टोकापासून त्या टोकापर्यंत दोर बांधलेले. कोळशापासून निघणारा जुना गॅस जाऊन समुद्राच्या तळाचा नवा गॅस गावात येणार होता, आणि त्यासाठी घरोघरच्या शेगडीची तोंडं बदलायची होती. हे मलाही माहीत होतं. आज आमच्या गल्लीची पाळी आहे, हे माहीत नव्हतं.

त्या लोकांचा मुकादम लॅंबर्ट म्हणून होता. पन्नाशीचा, रुंद, मिशीत पेन्सिल खोचता येईल असा. तो म्हणाला, "पत्र मिळालं नाही का तुम्हाला?"

"मिळालं. तारखेचा शिक्का मारून व्यवस्थित फाइलला लावलंय."

"वाचलं?"

मी म्हणालो, "लावणं आणि वाचणं हे दोन वेगळे टप्पे आहेत."

त्यानं खिशातून पेन्सिल काढून मिशीला टेकवली. मग वही उघडली. "आधी विषम नंबर, मग सम. अठरा नंबर... तीनच्या पुढे धरा."

"तीन वीसला माझी बहीण ऑस्ट्रेलियाला चाललीय!"

"मग तिथे गॅस असेल बघा," लॅंबर्ट म्हणाला.

मी सरकारी माणूस होतो. समोर सरकारी माणूस. एका खुर्चीनं दुसऱ्या खुर्चीची थोडी तरी लाज राखावी की नाही? पण त्यानं पेन्सिल परत मिशीजवळ नेली आणि तो एक नंबरात शिरला. मी रस्त्याच्या मधोमध ॲप्रन बांधून उभा. गॅस नाही म्हणून सारी गल्ली दारात आलेली. सगळे माझ्याकडे बघत होते, आणि सगळ्यांना ठाऊक होतं की आज बारा वाजता काय आहे.

"काय बघत उभे राहिलात?" मिसेस सग्डेन दारातून म्हणाल्या. "माझी कोळशाची चूल काय मेलीय? आणा तो बेडूक इकडे!"

सबंध गल्लीत जुनी लोखंडी चूल उरली होती ती एकट्या मिसेस सग्डेनकडे. मध्ये विस्तव, बाजूला ओव्हन, वर घरभर फिरून गेलेलं धुराडं. त्या अभिमानानं सांगायच्या, की गॅस घरात घेईन तर तो माझ्या मढ्यावरून. मी आईचा पत्र्याचा ट्रे उराशी धरून रस्ता ओलांडला. ओव्हनचं दार उघडलं. ट्रे आत जाईना. एक बोट मोठा.

"थांबा," ऑग्डन म्हणाले आणि हातोडी घेऊन आले. ते कधी आले, त्यांना कोणी बोलावलं, याची नोंद नाही. आईचा ट्रे, पन्नास वर्षांचा, त्यावर त्यांनी चार घाव घातले. प्रत्येक घाव माझ्या छातीत बसला. ट्रे आत गेला, पण त्याचा चौकोन उरला नव्हता. एक कोपरा वर, एक खाली. लंगड्या घोड्यासारखा.

सॉसेजं घरून आणली. मग पिठाचं भांडं आणायला गेलो. ते दोन्ही हातांत धरून दोराखालून वाकून निघालो, एवढ्यात कोपऱ्यावर बस थांबली. घड्याळात बाराला पाच कमी होते. राखाडी कोट, निळी हॅट, हातमोजे, हातात पर्स. ऑलिव्ह.

सहा वर्षांत ती थोडी आखडली होती. चाल मात्र तीच, घराकडे निघालेल्या माणसाची. ती माझ्यासमोर थांबली. माझ्या ॲप्रनवर निळी फुलं होती, हे मला तेव्हा आठवलं.

"विल्फ्रेड," ती म्हणाली.

लहानपणापासून ती मला विल्फ म्हणायची.

"ऑलिव्ह. गॅस गेलाय."

"दिसतंय."

सहा वर्षांची शांतता मोडली ती अशी. दोघांची मिळून पाच-सहा वाक्यंसुद्धा झाली नाहीत. मला काहीतरी मोठं बोलायचं होतं. पण हातात पीठ असताना माणूस मोठं बोलू शकत नाही.

मिसेस सग्डेननी तिला खुर्ची दिली. ऑलिव्हनं हॅट काढली नाही. पर्स मांडीवर, तिच्यावर दोन हात. डॉक्टरकडे बसतात तशी बसली. ट्रेमधली चरबी तापत होती, म्हणजे तापायला हवी होती. सव्वाबारा झाले. साडेबारा झाले. सॉसेजं नुसती घाम आल्यासारखी चमकत होती. धुराचं नाव नाही.

"समुद्राचा प्रवास चांगला असतो," ऑग्डन म्हणाले.

"मी विमानानं चाललेय," ऑलिव्ह म्हणाली.

"तोही चांगला असतो."

"थंडी आहे जरा," मिसेस सग्डेन म्हणाल्या.

"आहे," ऑलिव्ह म्हणाली.

"तिकडे आता उन्हाळा लागेल, नाही?" मी म्हणालो.

"लागेल."

भिंतीवरच्या घड्याळाचा एकेक ठोका म्हणजे गाडीचा एकेक डबा पुढे सरकत होता. दोन चाळीसची बस चुकली की गाडी चुकणार. मी बोटांवर हिशेब केला. भाजायला चाळीस मिनिटं, खायला पंधरा, आणि 'ऑलिव्ह, मी काय केलं गं?' असं विचारायला किती लागतात, हे मला ठाऊक नव्हतं. सहा वर्षांत जमलं नव्हतं.

एकला दहा कमी असताना चरबीतून एक बारीक निळी रेघ उठली. मी पीठ ओतलं. चर्रर्र असा आवाज झाला, तो ऐकून ऑलिव्हनं मान वळवली. फक्त मान. पण मी बघितलं. दार लावलं आणि आम्ही चौघं त्या काळ्या लोखंडी दाराकडे बघत बसलो, जणू आतून कोणी निकाल सांगणार होतं.

"विस्तव कमी आहे," ऑग्डन म्हणाले. "या गतीनं तुमचा बेडूक मंगळवारी पोचेल."

"माझ्या चुलीला हात लावाल तर बघा," मिसेस सग्डेन म्हणाल्या. पण कोळसा फोडायच्या निमित्तानं त्या परसात गेल्या, आणि ऑग्डननी संधी साधली. त्यांनी एका जुन्या खुर्चीचा पाय आणला होता. वर, चरबीचा कागद पेटतो छान म्हणून, सॉसेजं बांधून आलेला कागदही चुलीत घातला. ज्वाळा उठली, वर गेली, दिसेनाशी झाली. क्षणभर सगळं छान वाटलं. मग धुराड्यात कोणीतरी मोठा श्वास घेतला.

तो आवाज मी विसरणार नाही. बोगद्यातून आगगाडी यावी तसा. धुराड्यातली वर्षानुवर्षांची काजळी पेटली होती.

"काय केलंत हो मेल्यांनो!" मिसेस सग्डेन धावत आल्या.

बाहेर शिट्टी वाजली. लॅंबर्ट दारात. "बाहेर! सगळे बाहेर! गल्लीभर नळ्या उघड्या पडल्यात आणि तुम्ही आग लावताय?" त्यानं मिसेस सग्डेनना जवळजवळ उचलूनच नेलं. पाच मिनिटांत सारी गल्ली दोरापलीकडे उभी. एकवीस नंबरच्या धुराड्यातून ठिणग्या फुलबाज्यांसारख्या उडत होत्या. अग्निशामक दलाला निरोप गेला होता. ते दुसऱ्या गावाहून येणार होते.

एक वीस. ऑलिव्ह फुटपाथवर पर्स धरून उभी. तिनं मनगटावरचं घड्याळ बघितलं. मग बसथांब्याकडे बघितलं.

तेवढं पुरे झालं. आता ती म्हणणार, 'बरं, विल्फ्रेड, निघते मी.' हातमोज्यातला हात पुढे करणार. मी तो हलवणार. आणि मग अॅडलेडहून वर्षातून एक कार्ड, त्यावर नुसतं 'ऑलिव्ह'. पुढे एके वर्षी तेही नाही.

मी आयुष्यात 'प्रवेश बंद' अशी पाटी ओलांडलेली नाही. गवतावर चालू नका म्हटलं तर मी गवताकडे बघतही नाही. पण त्या दिवशी मी दोराखालून वाकलो.

"ओ साहेब!" लॅंबर्ट ओरडला. "अहो तुम्ही! फुलांचा ॲप्रन!"

मी थांबलो नाही. स्वयंपाकघरात धूर दाटला होता, धुराडं घुमत होतं. काय करायचं ते मला सुचेना. मला वाटलं होतं, आत शिरलो की सुचेल.

"मीठ कुठाय?" मागून आवाज आला.

ऑलिव्ह. हॅटसकट. तिनं हातमोजे काढून पर्समध्ये ठेवले, पर्स मिटली, काखेत मारली, फडताळातून मिठाचं भांडं काढलं आणि आग दबावी म्हणून मुठी भरभरून मीठ विस्तवावर मारायला लागली. "बघतोस काय? ते कोळशाचं पोतं भिजव!"

मी पोतं भिजवलं. आम्ही दोघांनी ते चुलीच्या तोंडावर धरलं. तिच्या बाजूचं टोक तिच्या हातात, माझ्या बाजूचं माझ्या. गरम वाफ तोंडावर येत होती. बराच वेळ आम्ही तसेच उभे. घुमणं कमी झालं, मग खोकणं झालं, मग काही नाही. आणि अगदी शेवटी, सगळं संपलं असं वाटत असताना, धुराड्यातून मणभर काजळी धप्पकन खाली आली आणि पोत्याच्या दोन्ही बाजूंनी आमच्यावर बसली.

धुरळा बसल्यावर मला तिचे फक्त डोळे दिसत होते. मी ओव्हनचं दार उघडलं.

सत्य सांगायला हवं. ट्रेचा चुलीकडचा भाग कोळसा झाला होता. पलीकडचा भाग अजून पीठच होता, शांत, समजूत न निघालेला. पण मधल्या पट्ट्यात, ऑग्डनच्या हातोडीनं वर उचललेल्या कोपऱ्यालगत, तो बेडूक फुगला होता. सोनेरी, खडबडीत, हातभर वाटावा असा उंच. त्यातून तीन सॉसेजं डोकी काढून बघत होती.

बाहेर आलो तेव्हा गल्लीनं टाळ्या वाजवल्या. लॅंबर्टनं नाही. तो वही उघडून म्हणाला, "नाव सांगा. वर कळवावं लागेल."

"विल्फ्रेड क्रॅबट्री. अठरा नंबर," मी म्हणालो. "आडनावात दोन ई आहेत. नीट लिहा."

ऑग्डननी पत्त्यांचं घडीचं टेबल फुटपाथवर मांडलं. मिसेस सग्डेननी दोन ताटं आणली आणि आपल्या काळ्या झालेल्या स्वयंपाकघराबद्दल एक शब्द काढला नाही. ऑग्डनना मात्र त्यांनी दंडाला धरलं. "चला, आत चला. तुम्ही काजळी झाडणार आहात."

"मी? मला जेवण बघायचंय."

"तेच नको त्यांना. चला!"

दोन वाजून दहा मिनिटं. फुटपाथवर आम्ही दोघं, काळ्या तोंडांची. मधला फुगलेला भाग मी तिच्या ताटात घातला, थंड रस्सा वर ओतला. तिनं चाकूनं एक तुकडा कापला. खाल्ला. दुसरा कापला.

"कसं झालंय?"

"छान."

आमच्याकडे 'छान' म्हणजे काहीच नाही. हवा छान, अंत्ययात्रा छान. मी माझ्या ताटातला काळा भाग काट्यानं फोडत बसलो. दोन वीस. डोंगराच्या वळणावर अजून बस दिसत नव्हती. आत ऑग्डनना शिव्या पडत होत्या. मी तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं.

"ऑलिव्ह, मी काय केलं होतं?"

तिनं ताट पुसून खाल्लं. काटा आणि चाकू शेजारीशेजारी ठेवले. रुमालानं ओठ टिपले, तेवढीच जागा तिच्या चेहऱ्यावर गोरी दिसायला लागली.

"वॉल्टर गेला," ती म्हणाली, "तेव्हा तू मला पत्र पाठवलंस."

"हो. दुसऱ्याच दिवशी पाठवलं."

"टाईप करून."

मी काटा खाली ठेवला.

"पाणीखात्याच्या कागदावर. वर माझं पूर्ण नाव, पत्ता. मग 'विषय'. विषय, विल्फ्रेड! 'आपले पती श्री. वॉल्टर यांचे निधन.' आणि खाली काय होतं, आठवतं? 'आपला विश्वासू'." तिचा आवाज चढला नाही. आमच्या घराण्यात चढत नाही. "ज्या पोराचा हात मी धरून बसायचे, त्यानं मला तुंबलेल्या नळाची तक्रार केल्यासारखं पत्र लिहिलं. त्या रात्री मला कोणी हवं होतं. टपालाच्या पेटीत तेवढंच पत्र होतं. मी ते तीनदा वाचलं. म्हटलं, कुठेतरी हा असेल यात. नव्हतास."

वळणावर बस दिसली. हिरवी, लहान, उतारावरून हळूहळू खाली येणारी. तिनंही ती बघितली. पर्समधून हातमोजे काढले, एक बोट घातलं, दुसरं घातलं.

मला सांगायला पुष्कळ होतं. खात्याची पद्धत, नमुना, सवय. सगळं खरं होतं आणि काहीच खरं नव्हतं. मी ऑग्डनचं टेबल दोन्ही हातांनी धरलं.

"हातानं लिहिली होती आधी," मी म्हणालो. "सात. सात पत्रं लिहिली. 'प्रिय ऑलिव्ह' लिहिलं की कागद ओला व्हायचा. अक्षरं फुटायची, वाचता यायची नाहीत. फाडायचो, दुसरं घ्यायचो, तेही भिजायचं. सकाळ झाली. ऑफिसात गेलो. टाईपरायटरची शाई पसरत नाही, ऑलिव्ह."

तिनं हातमोजा काढला, टेबल धरलेला माझा हात सोडवून आपल्या मांडीवर ठेवला, आणि बस थांब्यावर येईपर्यंत सोडला नाही.